मशीनला दुसरा हात

मु. इंझोरी, जि. अकोला
ता. १६ डिसेंबर १९७३

चि. भिवाजीस वच्छलाताईचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. तू, बेबी आणि लेकरं ठीक असाल. पोळ्यापासून तुझी एक ओळ नाही, तेव्हा हे 'ठीक असाल' मी माझ्याच मनाने लिहिते आहे. शेलूबाजार इंझोरीपासून इतकं लांब नाही की एक कार्ड पोचू नये. सहा डिसेंबरला सगळी मंडळी झेंड्याजवळ जमली, तू येशील म्हणून मी जेवण झाकून ठेवलं. शेवटी ते ट्रॅक्टरवाल्या सैफुद्दीनभाईंनी खाल्लं आणि तुझी चौकशी केली. मी म्हटलं, भाऊ माझा मोठा माणूस झालाय, कापसाचे बोजे उचलतो.

किसनसिंगच्या मळ्यातली विहीर अजून चालू आहे. माती संपली, मुरूम संपला, आता निव्वळ काळा दगड लागला आहे. सैफुद्दीनभाईंचा ट्रॅक्टर दिवसभर काठावर धडधडतो, कॉम्प्रेसरची नळी खाली जाते आणि तळाला तुझे भाऊजी मशीन धरून उभे. दगडाला होल मारायचे, होलात सुरुंगाचे बार भरायचे, वाती पेटवून वर यायचं, बार उडाले की मलबा यारीने, काठावरच्या कप्पी-दोराने, ओढून काढायचा. यारीवर मी आणि माझी जाऊ भागिरथा. हे सगळं तुला माहीत आहे. पण रुसलेला माणूस काय काय विसरतो ते सांगता येत नाही, म्हणून लिहिलं.

रुसण्याचं कारण मी विसरले नाही. तू चांगल्या मनाने त्यांच्या मशीनला हात लावलास, म्हणालास, "भाऊजी, तुमी बसा जराकसं, मी धरतो." आणि त्यांनी कोपराने ढकललं तुला, सगळ्या गड्यांसमोर. "मशीनले दुसरा हात लावू नको," म्हणाले. तू वर आलास, भाकरी सोडलीस, सायकल काढलीस आणि गेलास. तुझं चुकलं नाही. पण त्यांचंही तुला ठाऊक होतं ना? आपल्याकडच्या सगळ्या विहिरींवर हेच चालत आलं आहे. ज्याने पहिला होल मारला त्यानेच पाणी लागेपर्यंत मशीन धरायची. मधे दुसरा हात लागला की पाणी बाजूने निघून जातं म्हणतात. आणि पाणी नाही लागलं तर दोष त्या दुसऱ्या हातावर येतो, मग त्याला पुन्हा कुठल्या विहिरीवर कोणी बोलवत नाही. म्हणून गडीही हात लावत नाहीत.

मला हसू येतं आणि रागही येतो. नवस सोडले, नारळ सोडला, देव्हारा काढून टाकला, आणि हे एक खूळ मात्र तुझ्या भाऊजींनी उराशी धरून ठेवलं आहे. मी म्हणाले तसं, तर म्हणतात, "हे देवाचं नाई, हे कामाचं हाय."

थंडी यंदा फार आहे. सकाळी मशीन बंद केली की त्यांची बोटं पेरापर्यंत पांढरी पडतात, खडूसारखी. ऊन चढलं की निळी होतात, मग लाल, आणि ठणकतात. सदऱ्याचं बटण लागत नाही, मी लावून देते. बाकी काही नाही. थंडीच आहे.

मी बोलावते आहे असं समजू नकोस. तिकडे बोजे उचलण्यात तू सुखात आहेस का, एवढंच विचारायचं होतं. बेबीला सांग, तिने मागितलेलं तुरीचं बी मी काढून ठेवलं आहे. ते न्यायला तरी कोणी येईल.

तुझी
वच्छलाताई


मु. इंझोरी
ता. ४ जानेवारी १९७४

चि. भिवाजीस ताईचा जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. कार्डावर जागा बरीच होती, ती तू कोरीच ठेवलीस. "भाऊजींनी स्वतः बोलावलं तर येईन." बरं. तुम्ही दोघं मिळून माझी परीक्षा पाहायची ठरवलेली दिसते. एक बोलावणार नाही, दुसरा बोलावल्याशिवाय येणार नाही.

मागच्या पत्रात मी थंडी आहे असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं, आणि लिहिताना मला ते माहीत होतं. आता नीट लिहिते. बेबीला वाचून दाखवू नकोस.

मागच्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी बार भरून झाले. गडी वर आले. वाती पेटवायला तुझे भाऊजी एकटे खाली राहिले, नेहमीसारखे. वात लांब ठेवतात, माणसाला दोराने सावकाश वर येता येतं. त्यांनी वाती पेटवल्या, दोर धरला, अर्ध्यावर आले आणि थांबले. मी काठावरून वाकून पाहत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई," ते म्हणाले. "दोर कुठी हाय ते समजून नाई राह्यलं."

भिवाजी, दोर त्यांच्या हातातच होता. ते दोराकडे पाहत होते आणि बोटं आवळत होते, पण बोटं आवळली गेली की नाही ते त्यांना कळत नव्हतं. खाली वाती फुरफुरत होत्या. भागिरथाने यारीचा दोर सोडला, सैफुद्दीनभाई ट्रॅक्टर तसाच चालू ठेवून धावत आले. मी सांगितलं, हाताने धरू नका, कोपर अडकवा. त्यांनी यारीच्या आकड्यात कोपर अडकवलं आणि आम्ही तिघांनी ओढलं. ते काठावर पोटाने आडवे झाले तेवढ्यात बार उडाले. दगड आमच्यावरून गेले. भागिरथाची पाटी फुटली, माणूस कोणी फुटला नाही.

मग ते उठून बसले, खिशातून बिडी काढली आणि काडी पेटवायला लागले. काडी बोटांतून पडे, पुन्हा उचलत, पुन्हा पडे. शेवटी मीच पेटवून दिली. ते हसत होते. मी हसले नाही, भागिरथाच्या पाटीचे तुकडे वेचत बसले.

किसनसिंगच्या घरची बाई हे सगळं पाहत होती. तिने ती पांढरी बोटं पाहिली. दुसऱ्या दिवशी तुझ्या भाऊजींचं गावभर झालं की माणिकरावाले मोठा रोग लागला. म्हणजे महारोग. आपला चहा ती पहिल्यापासून वेगळ्या कपात देत आली, आता कपही दगडावर ठेवून मागे सरकते. किसनसिंग म्हणाला, "बोटं झडनाऱ्याच्या हातची हीर मले नको." तुझ्या भाऊजींनी मान खाली घातली. आमच्या लग्नापासून मी त्यांना मान खाली घालताना पाहिलं नव्हतं.

मी त्यांना ओढतच वाशीमला नेलं. डॉक्टर वयस्कर आहेत, आधी चांद्याकडे कोळशाच्या खाणीच्या दवाखान्यात होते. त्यांनी सुई टोचून पाहिलं, पिसाने हात घासून पाहिला, आणि पहिल्याच शब्दाला म्हणाले, हा तो रोग नाही. हा मशीनचा हादरा आहे. खाणीत मशीन धरणाऱ्यांची अशीच बोटं त्यांनी पाहिली आहेत. हादरा हातात शिरतो, रक्ताच्या बारीक नळ्या आखडतात, नसा मरतात. थंडीने दिसून येतं, पण थंडीने होत नाही. किसनसिंगला दाखवायला त्यांनी तसं चिठ्ठीवर लिहूनही दिलं.

औषध विचारलं तर म्हणाले, मशीन सोडा. तुझे भाऊजी म्हणाले, "डाक्टरसाहेब, मशीन सोडून मी काय करू?" तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढून नीट सांगितलं. मशीन पोटाने दाबायची नाही, मूठ आवळायची नाही, तिच्या वजनाने तिला खाली जाऊ द्यायचं. मशीनच्या टोकाचं बिट बोथट झालं की हादरा वाढतो, म्हणून धार रोज लावायची. हात उबदार आणि कोरडे ठेवायचे, पण विस्तवावर धरायचे नाहीत, कारण चटका बसला तरी कळणार नाही. बिडी बंद. आणि सगळ्यात मोठं म्हणजे एका माणसाने दिवसभर धरायची नाही. पाळ्या करायच्या. बोटांना मुंग्या आल्या की मशीन दुसऱ्याच्या हाती. नाहीतर आज पांढरी पडतात, उद्या सुपारीही उचलणार नाहीत.

परत येताना एस.टी.त ते एकच वाक्य बोलले. "दुसरा हात लागला तं पानी पळते." मी म्हणाले, "हात गेले तं पानी आल्यावर वंजळ कायची करता?" त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं ते इंझोरी येईपर्यंत.

सैफुद्दीनभाईंनी मात्र सगळं मनावर घेतलं. रोज संध्याकाळी बिटं मंगरूळला नेतात आणि सकाळी धार लावून आणतात. मुठींना सायकलच्या ट्यूबचे पट्टे गुंडाळले. त्यांच्या घरून अन्वरीभाभींनी जुन्या रजईचे हातमोजे शिवून पाठवले, ते घालून तुझे भाऊजी लग्नातल्या नवरदेवासारखे हात पुढे धरून बसतात. वाती आता सैफुद्दीनभाई पेटवतात.

आणि पाळ्याही सुरू झाल्या. हो, झाल्या. माणूस मिळाला. कोण ते विचारू नकोस. धडधाकट आहे, वेळेवर येतो, बिडी ओढत नाही आणि तुझ्या भाऊजींना उलट उत्तर द्यायला घाबरत नाही. तुझ्यापेक्षा बरा आहे एवढंच समज. तेव्हा तू तिकडे निश्चिंत मनाने रुसून राहा.

तुझी
वच्छलाताई


मु. इंझोरी
ता. २७ जानेवारी १९७४

भिवाजी, जयभीम.

तुझा निरोप मिळाला. कार्ड नाही, निरोप. बाजाराच्या दिवशी शेलूबाजारहून आलेल्या सेवादासाजवळ तू सांगून पाठवलंस, आणि त्याने तो चारचौघांत मला ऐकवला. "ताईले म्हना, आमाले गावात तोंड दाखवायले जागा ठेव." म्हणजे तिकडेही पोचलं.

बरं झालं. हो, मीच आहे. किसनसिंगच्या विहिरीच्या तळाशी मशीन धरते ती बाई तुझी बहीण आहे. मागच्या पत्रात लिहिलेला धडधाकट माणूस मीच. लिहिताना मला मजा वाटली होती, आता वाटत नाही.

कसं झालं ते ऐक, आणि मग रागव. वाशीमहून आल्यावर मी सगळ्या गड्यांना विचारलं. एकेकाने पाय मागे घेतला. तू एकच होतास ज्याने विचारण्याआधी हात पुढे केला होता, आणि तुला आम्ही घालवून बसलो होतो. तुझे भाऊजी एकटेच खाली गेले. यारीवरून मी पाहत होते. ते होल मारायचे, थांबायचे, बोटं काखेत दाबायचे, पुन्हा मूठ धरायचे. मूठ धरली की नाही हे कळावं म्हणून डोळ्यांनी पाहायचे. ते मला बघवेना. मी भागिरथाला म्हणाले, "तू सांभाळ," आणि दोर धरून खाली उतरले.

गडी ओरडले. पाणी लागण्याआधी बाईने विहिरीत उतरू नये हे तर दुसऱ्या हाताच्या वरचं. मी दोन्ही एकदमच केलं, वेगवेगळी कटकट नको. ते रॉड बदलत होते. मशीन दगडावर आडवी पडली होती. मी ती उभी केली, मांडीला टेकवली आणि मुठी धरल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुला ढकललं तसं ढकलतील म्हणून मी पाय रोवून उभी राहिले.

ते म्हणाले, "तुले समजते काय, पानी नाई लागलं तं काय होईन?"

मी म्हणाले, "तुमी दोरावरून पडले तं काय होईन ते मले जास्त समजते."

त्यांनी नवा रॉड बसवला. मग पुढे आले, माझी बोटं मुठीवरून एकेक करून सैल केली आणि म्हणाले, "आवळू नको. तिच्या मनानं खाऊ दे." आणि वर हात करून सैफुद्दीनभाईंना हवा सोडायला सांगितलं.

तुला मशीन माहीत आहे, पण पहिल्या वेळचं विसरला असशील. दात वाजतात, डोळ्यांपुढचा दगड दोन-दोन दिसतो, आणि थांबल्यावरही हात चालूच आहे असं वाटतं. मला वाटलं, हे ते इतकी वर्षं एकट्याने अंगात घेत आले आणि घरी येऊन थंडी आहे म्हणत राहिले. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की होल कधी पुरा झाला ते कळलं नाही.

तेव्हापासून पाळ्या चालू आहेत. मला मुंग्या आल्या की ते घेतात, त्यांना आल्या की मी. त्यांची बोटं आता सकाळी पांढरी पडतात, पण लवकर परत रंगावर येतात. परवा त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण स्वतः लावलं आणि मी पाहिलं का म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

आता किसनसिंगचं. डॉक्टरांची चिठ्ठी पाहून तो रोगाचं बोलायचा थांबला होता. बाई विहिरीत उतरल्यावर पुन्हा सुरू झाला. पुढच्या बाजारापर्यंत पाणी दिसलं नाही तर दुसरी टोळी आणतो म्हणाला. परवाच्या बारानंतर उत्तरेच्या कडेला दगड ओलसर दिसला. सैफुद्दीनभाई म्हणतात, "भाभी, आ गया समझो." किसनसिंग म्हणतो, दव आहे. विहिरीच्या तळाशी दव पडतं हे मला नवीनच कळलं.

पाणी लागेल की नाही मला माहीत नाही. नाही लागलं तर सगळे म्हणतील, पाहा, दुसरा हात लागला. मग पुढच्या विहिरीवर तुझे भाऊजी कोणाला हात लावू देणार नाहीत, मलाही नाही. एकटेच धरतील. आणि एखाद्या सकाळी दोर हातात असून त्यांना तो सापडणार नाही, आणि मी यारीवर असेनच असं नाही. म्हणून विहीर अर्धी टाकून मला वर यायचं नाही. लाजेचं तू मला सांगू नकोस. लाज मी त्याच दिवशी काठावर ठेवली.

इथपर्यंत सगळं मी त्यांच्यासमोर बसून लिहिलं. आता ते गोठ्याकडे गेले आहेत, तेव्हा राहिलेलं लिहिते.

काल भाकरी उलटताना माझी बोटं तव्याला लागली. मला कळलं नाही. भाकरी टोपल्यात टाकली, दुसरी थापायला घेतली, तेव्हा पिठात बोटं चिकटली आणि पाहिलं तर दोन बोटांवर फोड. दुखलं ते फार उशिरा. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, चटका कळणार नाही म्हणून, ते त्यांच्यासाठी ऐकलं होतं, माझ्यासाठी नव्हतं. मुंग्याही आता मशीन सोडल्यावर जात नाहीत, निजेपर्यंत राहतात. मी हाताला फडकं बांधलं आणि विळी लागली म्हणून सांगितलं.

त्यांना हे कळलं तर ते त्याच क्षणी माझ्या हातून मशीन काढून घेतील आणि पुन्हा कधी देणार नाहीत. मी त्यांना ओळखते. स्वतःचे हात गेले तरी चालतील, माझे नाही, असं ते म्हणणार नाहीत, पण करतील तेच. आणि मी सांगितलं नाही तर मला सोडता येत नाही. दोघांत ही मशीन भागत नाही, भिवाजी. दोघांचे हात तिला पुरत नाहीत. तिसरा पाहिजे.

मी भीत नाही असं आजपर्यंत सगळ्यांना सांगत आले. तुला सांगते, मला भीती वाटते. रात्री मी बोटं मोजल्यासारखी एकेक दाबून पाहते.

त्यांच्या बोलावण्याची वाट पाहू नकोस. ते बोलावणार नाहीत, त्यांना जमणार नाही. पण तुझी जुनी टोपी त्यांनी अजून ट्रॅक्टरच्या सीटखाली ठेवली आहे, कोणाला घेऊ देत नाहीत.

आलास की काही विचारू नकोस, माझ्या हाताकडे पाहू नकोस. सरळ खाली उतर. मी मशीनवर असेन. "ताई, तू भाकरी कराले जाय, दे इकडे," एवढंच म्हण आणि हात पुढे कर. या वेळी तुला ढकलायला कोणी नाही. मशीन माझ्या हातात असेल आणि मी ती तुला देईन, त्यांना विचारणार नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, मी बोलावते आहे असं समजू नकोस. आता तसं समज. मी बोलावते आहे.

तुझी वाट पाहणारी,
सध्या दुसऱ्या पाळीवर असलेली,
वच्छलाताई